वाकळ घ्यावी की न घ्यावी?

केस घेऊन आलेल्या बाईकडून कार्यकर्तीने काही घेऊ नये, असा आमच्या संघटनेचा पहिल्यापासूनचा नियम आहे. चहा घ्यावा, भाकरी खावी, निघताना कुणी पदरात मूठभर शेंगा घातल्या तर नको म्हणू नये. त्यापलीकडे काही नाही. साडी नाही, पैसे नाहीत, देवीच्या नावाने भरलेली ओटीसुद्धा नाही. नियम चांगला आहे. जिचं काम अडलेलं असतं तिच्याकडून जो तो काही ना काही काढून घेत असतो. आपण त्या रांगेत उभं राहायचं नाही, एवढंच त्यामागे आहे.

तरीही दर वर्षीच्या बैठकीत या नियमावर वाद होतोच आणि तो एकाच वस्तूवरून होतो. वाकळ. तुमच्याकडे गोधडी म्हणत असतील. आमच्या आटपाडी भागात जुन्या बायका वाकळ म्हणतात, शाळा शिकलेल्या सुना गोधडी म्हणतात, मी दोन्ही म्हणते. एखादीची पोटगी सुरू होते, एखादीला कोर्टाचा निकाल मिळतो, एखादीच्या बाबतीत यातलं काहीच होत नाही, नुसतीच ती आपल्या पायावर उभी राहते. आणि मग सहा महिन्यांनी, वर्षाने ती काखेत घडी मारून दारात येते. "ताई, घ्या. जुन्या लुगड्यांची हाय, इकत आणल्याली न्हाई."

या वर्षी आमच्या एका तरुण कार्यकर्तीने सरळ ठरावच मांडला, की वाकळही बंद करा. तिचं म्हणणं उडवून लावण्यासारखं नव्हतं. ती म्हणाली, एक वाकळ शिवायला बाईचे किती दिवस जातात ते आपण मोजलंय का? साडी घेतली तर दुकानातले पाचशे रुपये घेतले असं होतं, वाकळ घेतली तर तिचे पंधरा दिवस घेतले असं होतं. घरकामाला मोल द्या म्हणून आपण भाषणं करायची आणि बाईचं पंधरा दिवसांचं फुकट काम घडी करून कपाटात ठेवायचं! वर प्रेम म्हणायचं. बाईचं काम नेहमी प्रेमच असतं, ते काम कधी नसतंच, हेच तर आपलं भांडण आहे ना?

बैठकीत टाळ्या पडल्या. ठराव मात्र पुढच्या बैठकीवर गेला. मला त्यावर जे वाटतं ते इथे मांडते आहे, कारण हा प्रश्न आमच्या एकट्या तालुक्यातला नाही. तुमच्याही कार्यालयांत अशा घड्या आल्या असतील.

आधी वस्तूविषयी थोडं. आटपाडी म्हणजे माणदेश. जुन्या औंध संस्थानातला हा भाग, १९४९ साली दक्षिण सातारा जिल्ह्यात आला आणि १९६० पासून त्या जिल्ह्याचं नाव सांगली झालं. नदी आहे, माणगंगा, पण तिला पाणी असणं ही बातमी असते. शेरडं-मेंढरं, ज्वारी-बाजरी, आता डाळिंब. उन्हाळा जाळतो आणि मोकळ्या माळावरची थंडी हाडात शिरते. अशा मुलखात अंथरूण-पांघरूण ही चैन नव्हे. घरात माणसं किती आणि वाकळा किती, यावरून त्या घराची ऐपत कळायची. पाहुणा आला की पोरांच्या अंगावरची एक कमी व्हायची.

वाकळ शिवायची ती उन्हाळकामात. सुगी उरकली, ज्वारी घरात आली, की पापड-कुरडयांबरोबर हे काम निघतं. वर्षभर गाठोड्यात साठवलेली लुगडी, धोतरं, सदऱ्याच्या पाठी, पोरांचे परकर सोडून बसायचं. धड भाग बाजूला काढायचा, विरलेला आत घालायचा. वरचा आणि खालचा पदर मजबूत लागतो, म्हणून तिथे दंड घालून जोडलेलं नऊवारी. मधल्या थरांत काहीही चालतं, पण ते सारखं पसरावं लागतं, नाहीतर धुतल्यावर गोळे होतात. जमीन सारवून त्यावर थर अंथरायचे, कोपऱ्यांवर दगड ठेवायचे, मोठे टाके घालून आधी सगळं टाचून घ्यायचं. मग चार बाजूंना चारजणी बसतात आणि कडेपासून धावदोऱ्याने आत आत येत जातात. एकीचा टाका बारीक, एकीचा लांब. जाणती बाई नुसता हात फिरवून सांगते, ही बाजू कुणाची.

या चौघींत कोण बसायचं याला पंचांग लागत नाही. हळदीकुंकवाला जिला बोलावत नाहीत, ओटी भरताना जिला मागे उभं करतात, ती विधवा बाई वाकळीला मात्र पहिली बोलावली जाते, कारण तिचा हात बसलेला असतो आणि तिला वेळ असतो असं सगळ्यांनी गृहीत धरलेलं असतं. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला तेव्हा वर्तमानपत्रांतून मोठी चर्चा झाली, आणि ती व्हायलाच हवी होती. पण वाकळीच्या कडेला तो ठराव आधीपासूनच चालू होता. अर्थात तो पूर्ण ठराव नव्हे. काम असलं की सगळ्याजणी सारख्या आणि मान असला की वेगळ्या, हाही त्याचा अर्थ निघतो.

इथे मला एक सांगितलंच पाहिजे. वाकळीचं कौतुक करताना आपण फार लवकर हळव्या होतो. आईच्या लुगड्याची ऊब, आजीचा वास, वगैरे. हे खरं आहे, पण ते सगळ्यांचं खरं नाही. गावगाड्यात महारकीच्या कामाबरोबर जे 'हक्क' आले त्यात प्रेतावरचं कापडही होतं. ते कापडही कुणाच्या तरी अंथरुणात गेलं आहे. या आटपाडीचेच शंकरराव खरात, तराळाचा मुलगा, पुढे मराठवाडा विद्यापीठाचे कुलगुरू झाले. त्यांचं 'तराळ-अंतराळ' १९८१ साली आलं. ते वाचलेल्या माणसाला आटपाडीविषयी बोलताना गावाचे दोन भाग विसरता येत नाहीत. डिसेंबर १९२७ मध्ये महाडला बाबासाहेब बायकांशी बोलले ते लुगडं कसं नेसावं, अंगावरच्या कोणत्या खुणा टाकाव्यात, यावर बोलले. अंगावरचं कापड जात सांगतं हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. आमच्या बैठकीला येणारी एक बौद्ध आक्का कुणाकडूनही जुनं कापड घेत नाही, वाकळीलाही नाही. ती बाजारातून नवं मांजरपाट आणते आणि त्याचीच शिवते. तिला कुणी गोधडीतल्या आठवणींचं कवित्व ऐकवायला जाऊ नये.

आता देण्याघेण्याकडे येते. वाकळ ही पुरुषाने पुरुषाला दिलेली मी पाहिलेली नाही. ती आईकडून लेकीला जाते, आत्याकडून भाचीला, सासूकडून सुनेला (जिथे सासू बरी असेल तिथे), मैत्रिणीकडून मैत्रिणीला. लेक पहिल्या बाळंतपणाला माहेरी येते, परत जाताना बाळंतविड्यात कुंची-झबल्याबरोबर मऊ दुपटं असतं आणि खाली एक मोठी वाकळ. आमच्या खानापूर-आटपाडी भागातली माणसं गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी गाळण्याच्या धंद्याने भारतभर पसरली. कुठल्या कुठल्या शहरांतल्या अरुंद गल्ल्यांत त्यांची बिऱ्हाडं आहेत, आणि त्या घरांत गाद्या आल्या तरी गादीवर वाकळच असते. मेंढरांमागे जाणाऱ्या धनगर बायकांच्या घोड्यावरच्या सामानातही ती असते. पण या सगळ्या प्रवासाची कुठे नोंद नाही. सातबाऱ्यावर घरधन्याचं नाव, भांड्यांवर त्याचं नाव, घरावरच्या पाटीवर त्याचं नाव. वाकळीवर कुणाचंच नाही.

घोंगडी पाहा. तीही याच भागातली, तीही पांघरायचीच. लोकर कातायला धनगर बायका, विणायला सनगर. पण घोंगडीला बाजार आहे, भाव आहे, विणणाऱ्याला जात-धंदा म्हणून नाव आहे. खरसुंडीच्या सिद्धनाथापासून बिरोबापर्यंत देवापुढे अंथरायला घोंगडी लागते. वाकळीला भाव नाही, धंदा नाही, देव नाही. गाडगेबाबांना लोक गोधडे महाराज म्हणायचे, तेवढाच काय तो तिचा सन्मान, आणि तोही फाटकेपणाच्या खुणेचा.

वेळेच्या हिशोबाविषयी आमच्या तरुण मैत्रिणीचं बरोबरच आहे. सरकारच्या २०१९ च्या वेळ-वापर पाहणीत घरातल्या बिनपगारी कामाला, ते करणाऱ्या बाईचे दिवसाला सरासरी २९९ मिनिटं आणि ते करणाऱ्या पुरुषाची ९७ मिनिटं जातात असं दिसलं. २०२४ च्या पाहणीत ते आकडे २८९ आणि ८८ झाले. म्हणजे पाच वर्षांत बाईची दहा मिनिटं वाचली आणि पुरुषांनी आपली नऊ मिनिटं वाचवून घेतली. या पाहणीत आदल्या दिवसाचा अर्ध्या अर्ध्या तासाचा हिशोब विचारतात, आणि एका वेळी दोन कामं चालली असतील तर दोन्ही लिहायची सोय आहे. पण आमच्या बायकांना दुपारी दोन ते चार काय केलं असं विचारा. "काय न्हाई, बसलो हुतो." हातात सुई होती, पायावर नातवंड होतं, नजर वाळवणावर होती. बसलो हुतो! सोय असून भागत नाही, बाईला स्वतःलाच ते काम वाटावं लागतं.

मी एका वाकळीचे दिवस मोजून पाहिले आहेत. एकटीने, घरचं-रानातलं आवरून, रोज दुपारचे तीन-साडेतीन तास. महिना होऊन गेला. आठ तासांचा रोज धरला तर बारा-तेरा रोज भरले. २०२४-२५ साली महाराष्ट्रात रोजगार हमीची मजुरी दिवसाला २९७ रुपये होती. म्हणजे नुसती मजुरी साडेतीन हजारांच्या वर जाते. कापड, दोरा, डोळे आणि कंबर वेगळी. शहरांत आता हातशिवणीच्या गोधड्यांना मागणी आहे. आईच्या जुन्या साड्या पाठवा, आम्ही गोधडी शिवून देतो, अशा जाहिरातीही असतात. त्याला माझा विरोध नाही. बाईच्या हाती पैसा येत असेल तर यावा. फक्त दुकानातली किंमत पाहून खूश होऊ नका, टाके घालणाऱ्या बाईच्या हातावर किती पडले ते विचारा. दर ठरवताना 'बायका रिकाम्या वेळात करतात' हे वाक्य कुणी उच्चारलं, की तिथेच हिशोब थांबवा आणि आधी रिकाम्या वेळाची व्याख्या मागा.

अमेरिकेतल्या अलाबामा राज्यात जीज बेंड नावाची काळ्या शेतमजुरांची वस्ती आहे. तिथल्या बायका पिढ्यान् पिढ्या कामाच्या फाटक्या कपड्यांच्या गोधड्या शिवत आल्या. १९६६ साली, नागरी हक्कांच्या चळवळीच्या काळात, त्या भागातल्या बायकांनी गोधड्यांची सहकारी संस्था काढली. २००२ मध्ये त्यांच्या गोधड्या न्यूयॉर्कच्या मोठ्या कलासंग्रहालयात भिंतीवर लागल्या, २००६ मध्ये त्यांच्यावर टपाल तिकिटं निघाली. आणि २००७ मध्ये त्यांच्यातल्या काहीजणी आपल्याला योग्य वाटा मिळाला नाही म्हणून कोर्टात गेल्या. ते दावे २००८ मध्ये निकाली निघाले. मला या हकिकतीत संग्रहालयापेक्षा कोर्टाची पायरी जास्त महत्त्वाची वाटते. आपल्याकडे बिहारमध्ये मुझफ्फरपूरच्या भुसरा गावात १९८८ पासून बायकांनी सुजनीचं काम पुन्हा उभं केलं आणि त्यावर हुंडा, मारहाण, मुलीचा जन्म असले विषय टाक्यांनी काढले. त्यांनी पैसाही मिळवला आणि बोलूनही घेतलं. आमच्या वाकळीवर चित्रं नसतात. पण त्या गप्प असतात असं मात्र नाही.

एका बाईने मला दिलेली वाकळ उलगडली तेव्हा वरच्या बाजूला मधोमध एक हिरवी काठाची साडी होती. चांगली, जवळजवळ नवी, दोन-चार वेळा नेसली असेल नसेल. बाकी सगळं विरलेलं, रंग उडालेलं. मी विचारलं, अहो, ही का कापली? ती म्हणाली, "ती सही केल्या दिवशीची हाय. नेसावं वाटंना, टाकून बी देववंना."

सही म्हणजे हक्कसोडपत्राची. हे आता आमच्या तालुक्यात फार वाढलं आहे. १९९३ पासून आटपाडीत पाणी परिषदा भरल्या, नागनाथअण्णा नायकवडींसारख्यांनी दुष्काळी तालुक्यांची माणसं एकत्र केली, समन्यायी पाणीवाटपाची मागणी झाली, त्यात भूमिहीनांनाही पाणी हवं असं म्हटलं गेलं. टेंभूचं पाणी आलं. माळ पिकू लागला, जमिनीला भाव आला, आणि भावांना बहिणी आठवल्या! महाराष्ट्राने २२ जून १९९४ पासून मुलीला वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाइतका हक्क दिला, तेव्हा आधी लग्न झालेल्या मुली वगळल्या होत्या. केंद्राने २००५ मध्ये सगळ्या मुलींना दिला. ९ सप्टेंबर २००५ ला वडील हयात असायलाच हवेत का, यावर बरीच वर्षं घोळ चालला, तो सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२० मध्ये संपवला. हक्क जन्मानेच आहे, वडील हयात असोत वा नसोत. कायदा एवढा पुढे आला. आणि बहीण दुय्यम निबंधकाच्या कचेरीत सही करून येते, भाऊ तिला साडीचोळी करतो, वहिनी ओटी भरते, सगळे हॉटेलात जेवतात. माहेर तुटू नये म्हणून ती सही करते. दोन एकरांची साडी.

ती हिरवी साडी त्या बाईने वाकळीत घातली आणि ती वाकळ मला आणून दिली. आता आमच्या मैत्रिणीने मला सांगावं, ही मी नको म्हणायला हवी होती का? ती भेट नव्हतीच. ती तक्रार होती. तिला कुठे दाखल करायला जागा नव्हती म्हणून माझ्याकडे दाखल केली. पुढे तिच्या धाकट्या बहिणीने सही केली नाही. तिचं नाव आज सातबाऱ्यावर आहे आणि भाऊ तिच्याशी बोलत नाही.

आणखी एक बाजू आहे, ती केसेस लढवणाऱ्यांच्या रोजच्या कामाची आहे. टाकलेल्या बाईचं सामान आणायला आपण पोलीस घेऊन सासरी जातो तेव्हा यादी करतो. सोनं किती, भांडी किती, कपाट, पलंग, मिक्सर. स्त्रीधन हे बाईच्या एकटीच्या मालकीचं आणि सासरच्यांकडे असलं तर ते विश्वासाने ठेवलेलं, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८५ मध्ये प्रतिभा राणी खटल्यात सांगितलं. परत न देणं हा विश्वासघाताचा गुन्हा. पूर्वी दंड संहितेचं ४०६ कलम लागायचं, १ जुलै २०२४ पासून न्याय संहितेचं ३१६ लागतं. कौटुंबिक हिंसाचाराच्या २००५ च्या कायद्यात १९ व्या कलमाखाली मॅजिस्ट्रेट स्त्रीधन परत द्यायला लावू शकतात. आणि १९८५ च्या हुंडाबंदी नियमांप्रमाणे लग्नात मिळालेल्या भेटींची यादी करायची असते. वस्तूचं वर्णन, अंदाजे किंमत, देणाऱ्याचं नाव, नातं, खाली दोघांच्या सह्या. ही यादी कुणी करत नाही, हे वेगळं.

अशाच एका घरी आम्ही गेलो होतो. मुलगी बावीस-तेवीस वर्षांची. हवालदार यादी वाचत होते आणि ती मध्येच म्हणाली, माझ्या दोन वाकळा. हवालदार हसले. सासू म्हणाली, ती चिंध्यांची गाठोडी उकिरड्यावर गेली. पोरीने पातेल्यांकडे पाहिलंसुद्धा नाही. त्यातली एक वाकळ तिच्या गेलेल्या आईच्या लुगड्यांची होती, तिच्या आत्याने शिवलेली. अर्धा तास ती उंबऱ्यावर बसून राहिली. शेवटी शेजारणीने सांगितलं, गोठ्यात म्हशीच्या अंगावर आहे. ती शेणाने भरलेली वाकळ तिने तशीच खांद्यावर टाकली आणि चालू लागली. तेव्हापासून आमच्या कार्यालयातल्या यादीच्या नमुन्यात भांड्यांच्या वर एक ओळ असते: गोधड्या / वाकळा, नग, कुणी दिल्या. किंमत लिहायची पाळी आली तर मजुरीच्या हिशोबाने लिहितो. एका वकिलांनी विचारलं, हे कशाला? आम्ही बारा रोजांचा हिशोब दाखवला. ते लिहू लागले.

म्हणून माझं मत असं, की वाकळ घ्यावी. पण आमच्या मैत्रिणीच्या आक्षेपातला जो खरा भाग आहे तो नियमात यावा. चालू केसमध्ये कुणाकडूनही नाही, हे तर झालंच. आणि कार्यकर्तीने घरी न्यायची नाही. मला माझ्या आईने दिलेली एक आहे, ती माझी. बाकी इतक्या वर्षांत आलेल्या कार्यालयात आहेत आणि रोज वापरात आहेत. रात्री-अपरात्री पोरं घेऊन बाई येते तेव्हा तिला अंथरायला आधी मार खाऊन आलेल्या दुसऱ्या बाईने शिवलेली वाकळ मिळते. आम्ही तिला त्याबद्दल काही सांगत नाही. सकाळी घडी घालताना ती स्वतःच विचारते, ही कुणी शिवली?

याच प्रश्नामुळे मला वाटतं की नोंदवही ठेवावी. शिवणारीचं नाव, बाजूला कोण कोण बसलं होतं, कापड कुणाचं, कोणत्या उन्हाळ्यात. ज्या बाईला नाव द्यायचं नसेल तिथे नुसतं गाव. २०१९ च्या महापुरानंतर आमच्या दुष्काळी तालुक्यातून आम्ही कृष्णाकाठच्या गावांत गेलो होतो. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना चिखलाने जड झालेल्या गोधड्यांचे ढीग कुजत पडले होते. टीव्ही गेला, धान्य गेलं, हे पंचनाम्यात येत होतं. त्या ढिगांजवळ बायका उभ्या होत्या आणि एकमेकींना सांगत होत्या, ही माझ्या थोरल्या जावेची, ती आमच्या आत्याबाईंची. ढीग उचलून नेला की ती नावंही जाणार होती.

जपायचं कसं, याविषयी एक-दोन गोष्टी, कारण काही कार्यालयांत या वाकळा प्लास्टिकमध्ये बांधून माळ्यावर टाकलेल्या मी पाहिल्या आहेत. प्लास्टिकमध्ये दमट राहून त्या वाळवी-बुरशीने जातात. दर उन्हाळ्यात दोन दिवस कडक ऊन द्या, घडीत कडुलिंबाचा पाला घाला, घडी दर वेळी वेगळ्या ठिकाणी मोडा. उसवलेला टाका लगेच धरा. सुती लुगड्यांच्या जुन्या वाकळा भरपूर धुतल्या तरी टिकतात. हल्लीच्या नायलॉन साड्यांच्या घसरतात आणि उन्हाळ्यात अंगाला चिकटतात, पण आता सुती लुगडी आणायची कुठून! आणि भिंतीवर लावू नका. मंचामागे टांगून फोटो काढायची टूम निघाली आहे, तीही मला पसंत नाही. पांघरायची वस्तू आहे. ओली झाली की ती एकटीला पिळता येत नाही, दोघी लागतात, हे लक्षात ठेवून धुण्याची पाळी लावा.

ठराव पुढच्या बैठकीत पुन्हा येईल. आमची तरुण मैत्रीण तिच्या मुद्द्यावर ठाम आहे आणि मी माझ्या. नोंदवहीचं काम मात्र तिनेच हाती घेतलं आहे, कारण तिचं अक्षर चांगलं आहे. सात वाकळांच्या नोंदी झाल्या. आठवीचं अजून कळायचंय. ती जिने दिली ती दिवाळीनंतर ऊसतोडीला गेली, फोन लागत नाही, टोळी परतली की विचारू.